बदललेले तपशील

७ जानेवारी

आजच्या व्याख्यानात एका तरुण वक्त्याने सांगितलं, की मनोविकारतज्ज्ञाने रोज थोडं लिहावं, त्याने मनावरचा भार हलका होतो. सांगताना तो पडद्याकडे बघत होता आणि आम्ही सगळे जेवणाच्या टेबलांकडे. तरी घरी येऊन बसलोय लिहायला. किती हलका होतो बघू.

इतकी वर्षं आमचं हे निरंतर शिक्षण फार सोयीचं होतं. व्याख्यानाला जायचं, सही ठोकायची, मागच्या रांगेत डुलकी काढायची, गुण जमा. यंदा वैद्यकीय परिषदेच्या डोक्यात नवं खूळ शिरलंय. चार-चार डॉक्टरांचे गट पाडलेत. दर महिन्याला जमायचं आणि प्रत्येकाने आपली एक चालू केस बाकीच्यांपुढे मांडायची. पेशंटची संमती घ्यायची आणि ओळख पटणार नाही असे तपशील बदलायचे. वय बदला, नोकरी बदला, मुलगा असेल तर मुलगी करा. हे केलं नाही तर जूनपासून नोंदणी बंद, म्हणजे पेशंट बघणं बंद. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला पुन्हा बाकावर बसवलंय.

ही, म्हणजे माझी बायको, जेवायला थांबली नव्हती. भूक नव्हती म्हणून लवकरच काहीतरी खाल्लं म्हणाली. बरंच झालं, मीही तिकडे खाऊन आलो होतो.

१२ जानेवारी

गटाची पहिली बैठक. मोठ्या बाईंच्या दवाखान्यात, पेशंट गेल्यावर, पेशंटच्याच खुर्च्यांवर. मोठ्या बाईंनी या गावातल्या निम्म्या मनोविकारतज्ज्ञांना शिकवलंय. एका कानाने कमी ऐकू येतं, पण नको ते नेमकं ऐकतात. दुसरा आमचा धूमकेतू: उशिरा उगवतो, फोनचं शेपूट मागे असतं आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत मावळतो. तिसरी धाकटी. नुकती पास होऊन आलीय, सगळं लिहून घेते, अगदी आपण खोकलो तरी.

माझ्याकडे मांडायला काहीच नव्हतं. दिवसाला चाळीस पेशंट बघतो, पण कालच्या चाळिसांतला एक चेहरा आठवेल तर शपथ. आठवला असता तरी त्याची संमती घेत कोण बसणार? शेवटी जिना चढता चढता एक पेशंट तयार केली. बाई, वय साधारण साठ, ग्रंथपाल होत्या, हल्लीच काम सोडलं, मुलगा दुसऱ्या गावी. जेवण कमी झालंय. टीव्ही लावून ठेवतात पण बघत नाहीत, नवरा आला की आवाज वाढवतात.

थाप छान जमली. फक्त धाकटीने मध्येच विचारलं, "त्यांना वाचायला काय आवडायचं, सर?"

"नकाशे," मी म्हणालो.

"ग्रंथपाल बाई नकाशे वाचायच्या?" धूमकेतू हसला. मीही हसलो. कुठून सुचलं देव जाणे. मग नकाशांची मोठी पुस्तकं असतात ना, ती, असं म्हणून सावरून घेतलं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "केस चांगली आहे. पुढच्या वेळी नवऱ्याबद्दल सांग." एक बैठक पार पडली. तीन राहिल्या.

२७ जानेवारी

मधले दिवस नुसत्या पाट्या टाकल्या. आज एका पेशंटचं बोलणं संपलं आणि माझ्या लक्षात आलं, की मी शेवटची बरीच वाक्यं ऐकलीच नव्हती. तरी गोळी बरोबर लिहून दिली. हात आपोआप लिहितात.

पहाटे पाणी प्यायला उठलो तर ही स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली. दिवा नाही, चहा ठेवलेला नाही. "काय गं?" म्हटलं, तर "झोप झाली माझी." शाळेत शिकवायची तेव्हा गजर तीनदा वाजल्याशिवाय उठायची नाही. निवृत्तीनंतर लवकर उठायची सवय लागते माणसाला. चांगलीच सवय आहे, मला लागली तर बरं.

दुपारी लेकीचा फोन आला, दवाखान्यात. "बाबा, आईचा आवाज कसातरीच येतोय."

"कसातरीच म्हणजे?"

"म्हणजे... सगळ्याला हो म्हणते. आई कधी सगळ्याला हो म्हणते का?"

मी म्हटलं, अगं तू लांब राहतेस ना, म्हणून तुला तसं वाटतं. बाहेर पंधरा माणसं बसली होती. काळजी करणं लेकींना फार आवडतं, असं एक वाक्य टाकलं आणि फोन ठेवला.

९ फेब्रुवारी

दुसरी बैठक. गाडी लावेपर्यंत ग्रंथपाल बाईंची आठवणसुद्धा नव्हती. काहीतरी प्रगती दाखवायला हवी म्हणून म्हणालो, की त्या आता पहाटे उजाडायच्या आधी उठतात आणि अंधारात स्वयंपाकघरात बसून राहतात. मुलाशी फोनवर बोलताना सगळ्याला हो म्हणतात.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. धूमकेतू फोन खिशात ठेवून सरळ बसला. आजवर कुठल्याही व्याख्यानात त्याला असा बसलेला पाहिला नव्हता.

"नवरा काय करतो?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"त्याचा व्याप मोठा आहे."

"किती मोठा? बायको अंधारात बसलेली दिसत नाही इतका?"

"त्याला दिसली ना. त्याला वाटलं, लवकर उठायची सवय लागली."

यावर तिघं एकदम बोलायला लागले. धाकटी तर चिडून लाल झाली. म्हणाली, अशा नवऱ्यांना धरून आणायला हवं. मला त्या माणसाची कीव आली. मी म्हटलं, तोही दमलेला असतो, दिवसभर दुसऱ्यांचंच ऐकत असतो, घरी येऊन कुठे पुन्हा... मग थांबलो, कारण त्याचं काम काय ते मी ठरवलंच नव्हतं. त्याची बाजू जरा जास्तच घेतली बहुधा.

औषध सुरू करायचं ठरलं. मी मान डोलावली. जी बाई जगात नाही तिला मी उद्यापासून सकाळी एक गोळी देणार आहे. घरी येताना मला एकट्यालाच हसू येत होतं. हिला सांगावं असं वाटलं होतं, पण ही झोपली होती, दिवेलागणीलाच.

२० फेब्रुवारी

हिने घर आवरायला काढलंय. इतकी वर्षं मी म्हणायचो, हे कागदांचे ढीग कधी हलणार, तर आता एकेक कपाट रिकामं होतंय. शाळेतले नकाशे, भिंतीवर टांगायचे मोठे, तिने शाळेलाच परत देऊन टाकले. भूगोल शिकवायची तेव्हा त्यांना कुणी हात लावला की वस्सकन अंगावर यायची. गच्चीतल्या कुंड्या शेजारच्या वहिनींना दिल्या. वहिनी संकोचत होत्या, तर म्हणाली, "घ्या हो, माझ्याच्याने आता पाणी घालणं होत नाही."

आज मला हाताला धरून कपडे धुवायच्या यंत्रापाशी नेलं. कुठलं बटण, साबण किती, सगळं दाखवलं. मग घराची कागदपत्रं कुठे ठेवलीत ते दाखवलं.

"मला कशाला?"

"तुम्हाला एकट्याला जमायला हवं."

"लेकीकडे जाऊन राहायचा बेत आहे की काय?" मी चिडवलं. ती हसली. जाऊ दे थोडे दिवस, तिलाही बदल हवाय. घर मोकळंमोकळं वाटतंय.

२ मार्च

आज फार बरा दिवस गेला, म्हणून मुद्दाम लिहितोय. ही माझ्यासमोर बसून जेवली. पोटभर नाही, पण जेवली. चेहरा शांत. गेल्या कित्येक महिन्यांत जो ताण दिसायचा तो नाहीच. माझ्या पेशंटांची चौकशी केली. मी कामाचा कंटाळा आल्याचं सांगितलं, तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुम्ही फार केलंत सगळ्यांसाठी."

मला भरून आलं. आमच्यात असं बोलायची पद्धत नाही. ही अशी असली की मला दुसरं काही नको असतं. बहुतेक निवृत्तीचा धक्का होता तो, पचला आता.

१० मार्च

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज लेक येऊन आईपाशी बसलीय, म्हणून दाराच्या या बाजूला खुर्ची टाकून लिहितोय. जसं घडलं तसंच लिहायचं ठरवलंय.

काल तिसरी बैठक होती. मला ग्रंथपाल बाईंचं प्रकरण मिटवायचं होतं. नव्या थापा सुचवायचा कंटाळा आला होता, आणि घरीही सगळं ठीक होतं, म्हणून मी खुशीत सांगितलं, की बाई सुधारल्या. घर आवरलं, कुंड्या शेजारी दिल्या, पुस्तकं दिली, नवऱ्याला घरातली कामं शिकवली. आता अगदी शांत आहेत. माझ्या मते केस बंद करायला हरकत नाही.

धाकटीचं पेन थांबलं. मला वाटलं, कौतुक करणार आहेत.

"शांत कधीपासून?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"आठवडाभर."

"आणि वस्तू त्याच्या आधी दिल्या?"

"हो."

"तू काय बोलतोयस ते तुला ऐकू येतंय का? की तुझाही एक कान गेला?"

अशा वेळी काय समजायचं असतं ते मला तोंडपाठ आहे. मी ते शिकवलंय. निरवानिरव, आणि मग ठरल्यामुळे आलेली शांतता. कुठल्याही निवासी डॉक्टरने ही चूक केली असती तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. पण काल त्या खुर्चीत मला एवढंच वाटत होतं, की बाई उगाच ताणतायत, आणि मुळात ती बाई आहे कुठे?

"घरात औषधं कुणाच्या ताब्यात असतात?" धाकटीने विचारलं.

"कपाटात. किल्ली तिच्याचकडे असते."

"ग्रंथपालांच्या घरी औषधांचं कुलूपबंद कपाट?" धूमकेतू म्हणाला.

मी म्हटलं, नवरा औषध कंपनीत आहे. मोठ्या बाईंनी टेबलावरचा माझा फोन उचलला आणि माझ्या हातात ठेवला. "आत्ता लाव. त्यांच्या घरी. आमच्यासमोर."

मी अडकलो. असा पेशंटच नाही म्हणावं तर नोंदणी गेली. कुठला तरी नंबर लावायचा, चुकीचा लागला म्हणायचं आणि वेळ मारून न्यायची, असं ठरवलं. बोटांनी हिचाच लावला. दुसरा कुठला पाठ आहे मला?

घंटी वाजत राहिली. ही हल्ली कुठे जात नाही. फोन नेहमी उशाशी असतो. वाजून वाजून बंद झाला.

"उचलत नाहीत," मी म्हणालो.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावला. वाजत असताना मला एकेक गोष्ट दिसायला लागली. स्टूल. कुंड्या. कपडे धुवायचं यंत्र. "तुम्हाला एकट्याला जमायला हवं." फोन धाकटीने माझ्या हातातून घेतला. मी उठलो तेव्हा खुर्ची पडली, तीही कुणी उचलली असेल. मोठ्या बाई मागून ओरडल्या, "तू गाडी चालवायची नाहीस!" धूमकेतूने मला आणून सोडलं. वाटेत सगळे सिग्नल तोडले.

ही पलंगावर बसली होती. फोन समोर, चादरीवर. जिवंत होती. मी दारातच खाली बसलो.

"फोन का नाही उचललास?"

"तुमचा होता. दिसत होतं." तिने फोन पालथा ठेवला. "काय बोलायचं ते सुचेना."

हजारो लोकांना मी तो प्रश्न विचारलाय. आवाज कसा ठेवायचा, नजर कुठे ठेवायची, नंतर किती थांबायचं, सगळं माहीत आहे. काल त्यातलं काहीच जमलं नाही. शेवटी जमिनीकडे बघत विचारला. जीव द्यायचं मनात आहे का गं?

"हो," ती म्हणाली. मी भाजी आणायची आहे का विचारल्यासारखं, इतकं साधं. मग म्हणाली, "आज नव्हते करणार. आज तुमची बैठक होती. तुम्ही दमून येता."

ते ऐकून मी रडलो. तिच्यासमोर पहिल्यांदाच, आणि मोठ्याने. तिने मला पाणी आणून दिलं.

मोठ्या बाईंना फोन केला. म्हटलं, ती केस, ते ग्रंथपाल वगैरे, तसं कुणी नाहीये, ते मी... "ते राहू दे," त्या म्हणाल्या, "आधी कपाटाची किल्ली घे. मी निघालेच आहे." किल्ली मी मागितली. हिने ती उशीच्या अभ्र्यात ठेवली होती. काढून दिली. द्यायला जराही कां-कूं केली नाही, त्याचाच मला अजून धसका बसलाय.

१२ मार्च

हिला मोठ्या बाईंच्या दवाखान्यात नेलं. नऊ तारखेलाच त्या घरी येऊन गेल्या होत्या, पण नीट केस लिहून घेणं आज झालं. मी आपला सवयीने टेबलाच्या त्यांच्या बाजूला गेलो. त्यांनी बोटाने पलीकडची खुर्ची दाखवली. नातेवाइकांची. ती इतकी अवघडलेली असते हे मला ठाऊक नव्हतं, माझ्या दवाखान्यातही तसलीच आहे.

एका बाजूला लेक, मध्ये ही, कडेला मी. नोंदणीचं काय करायचं ते परिषद ठरवील. मी खोटी केस मांडली असं पत्र पाठवायचंय, ते धाकटी लिहायला मदत करणार आहे. त्याचं मला आज काहीच वाटत नाहीये, खरंच.

मोठ्या बाईंनी हिला विचारलं, केव्हापासून असं वाटतं. ही म्हणाली, नीटसं सांगता येत नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नवरे इथे काय म्हणतात ते मला माहीत आहे. लक्षातच आलं नाही हो डॉक्टर, असं म्हणतात आणि मी आतून वैतागतो. मी तोंड उघडलं आणि सांगत सुटलो. शाळा सोडायच्या आधीपासून. निकालाच्या वेळी तिने पहिल्यांदा पेपर तपासायला दुसऱ्या शिक्षिकेला दिले. मग जेवण कमी झालं, आधी रात्रीचं, मग सकाळचं. टीव्ही चालू, पण नजर खिडकीवर. मी आलो की आवाज वाढवायची. पहाटेचं उठणं थंडीत सुरू झालं. फोनवर हो, हो. वेणी घालायची सोडली, नुसती गाठ मारायला लागली. नकाशे दिले त्या दिवशी हात खूप वेळ धूत होती. मी कुठेही अडखळलो नाही. इतकी स्वच्छ केस मी आयुष्यात कुणाची सांगितली नसेल.

थांबलो तेव्हा लेक माझ्याकडे टक लावून बघत होती. मोठ्या बाईंनी लिहिणं थांबवलं होतं. नेहमी अशा ठिकाणी त्या मध्ये पडतात, आज पडल्या नाहीत.

ही माझ्याकडे वळली. रागावली नव्हती. कितीतरी दिवसांनी तिने नीट, डोळ्यांत बघितलं.

"म्हणजे तुम्हाला सगळं दिसत होतं."

"नाही गं."

"मग हे एवढं कसं सांगितलंत?"

खोटं बोलायची सोय नव्हती आणि खरं होतं ते वेडगळ होतं. तरी तेच सांगितलं. म्हटलं, "मला वाटलं, हे सगळं मीच रचतोय."

मला वाटलं ती हसेल, किंवा उठून जाईल. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"मलाही तसंच वाटायचं हो," ती म्हणाली. "की असं काही नाहीये, मीच उगाच रचतेय."